तुमचे प्रश्न : बेकारी वाढली की आत्महत्या वाढतात का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत सहा महिन्यांत चार घरांत नोकरी गेली. ग्रुपवर एकाने टाकलं की ज्या भागात बेकारी जास्त तिथे आत्महत्या जास्त, हे सिद्ध झालंय. मी म्हटलं मग बिहारचा नंबर पहिला पाहिजे ना, तर सगळे गप्प. नक्की काय आहे? (एक वाचक, कळवा)

उत्तर : बिहारचा मुद्दा बरोबर पकडलात. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या पोलीस नोंदी एकत्र करणाऱ्या सरकारी विभागाचे, २०२२ चे आकडे बघा, देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या, म्हणजे लाखामागे १२.४. केरळात लाखामागे २८.५ आणि बिहारात ०.६! एवढा फरक बेकारीने पडतच नाही हो. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात, आणि नोंद व्हायची तर आधी घरच्यांनी सांगायला पाहिजे, पोलिसांनी लिहायला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी बदनामी नको म्हणून "अपघात झाला" एवढंच सांगून मोकळे होतात. २०१० मध्ये एनसीआरबीची नोंद होती साधारण १ लाख ३५ हजार, आणि घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारली त्या अभ्यासात अंदाज निघाला १ लाख ८७ हजार. म्हणून एक राज्य दुसऱ्याच्या शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही, एकच भाग धरायचा आणि तिथे बेकारी वाढली तेव्हा काय झालं ते बघायचं.

तसं बघितलं की संबंध दिसतो. युरोपातल्या २६ देशांचा १९७० ते २००७ असा अभ्यास झालाय, बेकारी १ टक्क्याने वाढली की ६५ च्या आतल्या लोकांच्या आत्महत्या ०.७९ टक्क्यांनी वाढायच्या. जपानात १९९७ मध्ये आकडा २४ हजारांच्या आसपास होता, मंदीत १९९८ ला एकदम ३२ हजारांच्या वर गेला आणि पुढे बरीच वर्षं ३० हजारांच्या खाली आलाच नाही. पण स्वीडनमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला बेकारी धडाधड वाढली तरी आत्महत्या वाढल्या नाहीत, अभ्यासकांच्या मते कारण हे की तिथलं सरकार नोकरी गेलेल्याला ट्रेनिंग, नवी नोकरी यावर चांगला पैसा खर्च करायचं. म्हणजे ग्रुपवरचं अर्धं खरं आहे, बाकी अर्धं नोकरी गेल्यावर मागे कोण उभं राहतं त्यावर आहे.

आता आपल्याकडचा घोळ. पीएलएफएसमध्ये, म्हणजे सरकारच्या रोजगाराच्या सर्व्हेत, २०२३-२४ ची बेकारी ३.२ टक्के. एवढी कमी कशी? तर गरिबाला बेकार बसणं परवडतच नाही, कंपनीतून काढलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात नाक्यावर उभा राहतो, रिक्षा चालवतो नाहीतर डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतो, आणि सर्व्हेत तो "कामाला" असतो. २०२२ च्या आत्महत्यांत बेकार म्हणून नोंदलेले ९.२ टक्के, आणि रोजंदारीवाले २६.४ टक्के. कारणांच्या रकान्यात तर "बेरोजगारी" २ टक्केसुद्धा नाही, सगळ्यात वर "कौटुंबिक समस्या", ३१.७ टक्के. पण पोलीस एकच कारण लिहिणार, आणि घरातलं भांडण कशावरून, तर थकलेला हप्ता आणि शाळेची फी, ते कोण लिहिणार?

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ६३ देशांचा २००० ते २०११ चा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की आत्महत्यांचा आकडा बेकारीच्या आकड्याच्या साधारण सहा महिने आधीच चढायला लागतो, म्हणजे "लिस्ट निघणारे" ही कुजबुज सुद्धा माणसाला पोखरते. आणि जिथे एरवी बेकारी कमी असते तिथे फटका जास्त बसतो. मला तर नवी मुंबईतल्या ऐरोली, महापेच्या आयटीवाल्या बिल्डिंगीच आठवल्या. जिथे रोज सकाळी सगळेच कार्ड गळ्यात घालून निघतात तिथे ज्याचं कार्ड जमा झालं तो एकटाच पडतो. ८२ च्या संपात गिरणगावात सगळी चाळच घरी बसली होती, हाल काही कमी झाले नाहीत, पण लाज निदान एकट्याची नव्हती.

माझ्या वडिलांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा ते दोन महिने तलावपाळीला जाऊन बसायचे आणि आई डबा भरून देत होती, तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी डबा रिकामा यायचा. फक्त चमचा धुतलेला असायचा, कंपनीत असताना ते कधीच चमचा धुवून आणायचे नाहीत, त्यावरून आईने ओळखलं. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावात १९३० च्या सुमारास सूतगिरणी बंद पडली होती, तिथे संशोधक जाऊन राहिले, तर वेळ भरपूर असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं होतं आणि पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले होते. पगार जातो ते दिसतं हो, दिवस जातो ते दिसत नाही.

प्रश्न : माझ्या दिराची आयटीतली नोकरी गेलीय, घरात कोणाला बोलला नाही, मला बाहेरून कळलं. रोज साडेआठला बॅग घेऊन निघतो. आता जेवण कमी झालंय, परवा त्याने बायकोला विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवले. सरळ विचारलं तर नको तो विचार डोक्यात येईल का? (एक वहिनी, घणसोली)

उत्तर : नाही येत. विचारल्याने धोका वाढत नाही हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, उलट बरेच जण सुटल्यासारखं बोलायला लागतात. आणि विम्याच्या कागदांचं वाचून मी म्हणेन, आजच विचारा, रविवारची वाट बघू नका. स्टेशनवर गाठून नको, चोरी पकडल्यासारखं होईल. घरी, चहा ठेवून, "मला कळलंय, मी रागावलेली नाहीये" इथून सुरू करा आणि मग स्पष्ट, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" आडून आडून नको. "हो" म्हणाला तर "असं कसं बोलतोस, पोराबाळांचा विचार कर" हे अजिबात नको, तो तोच विचार करून थकलाय. ऐकून घ्या, त्या रात्री एकटं सोडू नका, बायकोला आणि भावाला सांगा, त्याने "सांगू नकोस" म्हटलं तरी. टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, तुम्हीही लावू शकता. जीवाला धोका वाटला तर थेट हॉस्पिटल. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली आहे असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही. आणि हो, लोन ॲप घेतलंय का तेही हळूच विचारा, पगाराचं नाटक चालू ठेवायला पैसे कुठून तरी येतच असतील ना.

प्रश्न : ईएसआयसीतून नोकरी गेल्यावर पैसे मिळतात म्हणे, खरंय का? (एक वाचक, रबाळे)

उत्तर : खरंय, ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत सरकार वाढवत आलंय म्हणून शाखेत जाऊन विचारून घ्या. बडतर्फी, रिटायरमेंट किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर मिळत नाही. त्यामुळे एचआरने कागद पुढे केला की त्यावर नक्की काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका, "नंतर बघू" म्हणून तर अजिबात नको.