खाते गोठले, अपील कशावर करायचे?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात आमचे कृषी सेवा केंद्र आहे. ऐन बियाण्यांच्या हंगामात बँकेने खाते गोठवले. जीएसटीची ३,७२,००० रुपयांची डीआरसी-१३ (बँकेला पाठवलेली वसुलीची नोटीस) आली म्हणतात. आम्हाला आधी एकही नोटीस मिळाली नाही. या डीआरसी-१३ वर अपील होते का? सामाईक शेतीच्या सात-बारावर बोजा चढेल का?

उत्तर : मॅनेजरशी भांडू नका, त्याला ती नोटीस पाळावीच लागते. डीआरसी-१३ ही नुसती वसुली आहे. अपील करायचे ते तिच्यामागच्या कर-मागणीच्या आदेशावर, म्हणजे डीआरसी-०७ वर. तो जीएसटी पोर्टलवर ‘व्ह्यू अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ या कोपऱ्यात सापडेल. ई-मेल बहुधा नोंदणीच्या वेळी दिलेल्या, म्हणजे अकाउंटंटच्याच पत्त्यावर गेलेले असतात. पोर्टलवर टाकलेली नोटीस जीएसटी विभाग बजावलेली धरतो.

आता तारीख बघा. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३ महिने, आणि वसुलीही साधारण ३ महिन्यांनंतरच सुरू होते. म्हणून खाते गोठल्याचे कळते तेव्हा मूळ मुदत बहुतेक संपलेली असते. सबळ कारण दिल्यास आणखी १ महिना मिळतो, त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्या हातातही काही नाही. मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका, तीही खर्चिक. वसुली ३ महिन्यांच्या आतच झाली असेल, तर त्याची लेखी कारणे मागा.

अपील एपीएल-०१ या नमुन्यात ऑनलाइन भरा. वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात, व्याज-दंडावर नाही. तुमच्या रकमेत कर २,४०,००० असेल तर २४,००० पुरतात. ते भरून अपील दाखल झाले की उरलेली वसुली कायद्यानेच थांबते. पण बँकेला हे आपोआप कळत नाही. पावती व अपिलाची पोच जोडून त्याच वसुली अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि डीआरसी-१३ मागे घेतल्याचे पत्र बँकेकडे जाईपर्यंत पाठ सोडू नका. पुरवठादाराने विवरणपत्र न भरल्याने क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) नाकारले असेल, तर बिले, ई-वे बिल आणि बँकेतून दिलेल्या पैशांचा पुरावा जोडा. नुसते ‘माल घेतला होता’ म्हणून चालत नाही.

गोठलेले खाते कॅश क्रेडिटचे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणारे कर्जखाते, असेल तर तेही अर्जात लिहा. न वापरलेली मर्यादा म्हणजे तुमचे पैसे नव्हेत, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे.

थकबाकी मान्यच असेल तर डीआरसी-२० या अर्जाने हप्ते मागा. जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते, व्याजासह. एक चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय.

सात-बारा : जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते, त्यामुळे ‘इतर हक्क’मध्ये बोजा चढू शकतो. फेरफाराची नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत घ्या : धंदा तुमच्या एकट्याच्या नावे असेल तर आईच्या, भावाच्या हिश्शावर बोजा नको. फेरफार प्रमाणित झालाच तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. पैसे फिटल्यावर बोजा आपसूक उतरत नाही. जीएसटी विभागाचे पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करावा लागतो, नाहीतर पुढच्या हंगामाचे पीककर्ज तिथेच अडते.