लेकीला इन्क्वेस्टमध्ये वकील म्हणून उभं राहायचंय

पत्र (थोडक्यात): मी मेलबर्नमध्ये एका रुग्णालयात नर्स आहे. लेक यंदा बारावीला आहे. मेडिकलला जाण्याइतकी हुशार, पण म्हणते, 'लॉ करीन आणि टाळता आले असते अशा मृत्यूंच्या इन्क्वेस्टमध्ये (कोर्टातल्या चौकशीत) ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कुटुंबांच्या बाजूनं उभी राहीन.' यात पोट भरेल का? आणि खरं सांगू? उद्या ती माझ्यासारख्याच एखाद्या नर्सला कोर्टात प्रश्न विचारून रडवणार, हे मला बघवणार नाही.

नमस्कार ताई,

पगाराचं नंतर बोलू. तुमचा जीव अडकलाय तो शेवटच्या वाक्यात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इन्क्वेस्ट चालवणारे न्यायाधिकारी म्हणजे कॉरोनर. ते कुणाला गुन्हेगार ठरवत नाहीत, शिक्षा देत नाहीत. माणूस कशानं गेला, कोणत्या परिस्थितीत गेला आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बदलायला हवं, हे ते शोधतात. मुंबईतही 1999पर्यंत कॉरोनर कोर्ट होतं, तुमच्या आईवडिलांना कदाचित आठवत असेल.

न्यू साउथ वेल्समधल्या ट्युमट गावची नेओमी विल्यम्स ही विराजुरी या ॲबोरिजिनल समाजातली 27 वर्षांची गरोदर बाई. 1 जानेवारी 2016च्या मध्यरात्रीनंतर ती दुखणं घेऊन रुग्णालयात गेली. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या देऊन तिला अर्ध्या तासाच्या आसपास घरी पाठवलं. त्याच दिवशी ती सेप्सिसनं, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गानं गेली, पोटातलं बाळही गेलं. आधीच्या काही महिन्यांत ती त्याच रुग्णालयात 18 वेळा जाऊन आली होती. 2019 साली कॉरोनरनी निष्कर्ष दिला तेव्हा रोख एका नर्सवर नव्हता. ॲबोरिजिनल रुग्णाकडे बघताना नकळत येणारा पूर्वग्रह रुग्णालयानं तपासावा, ॲबोरिजिनल आरोग्य कर्मचारी वाढवावेत, अशा त्या शिफारशी होत्या. ताई, रात्रपाळीत एकटीनं वॉर्ड सांभाळणाऱ्या नर्सच्याही भल्याच्याच आहेत या गोष्टी. आणि रुग्णालयाचे कागद कसे वाचायचे हे जिनं घरात आईकडून शिकलंय, ती वकील अशा कुटुंबाच्या किती उपयोगी पडेल, तुम्हीच विचार करा.

वकील लागतोच कशाला, असंही वाटेल. इन्क्वेस्टला रुग्णालयाचा वकील असतो, पोलिसांचा असतो, तुरुंग खात्याचा असतो. बहुतेक वेळा या सगळ्यांची फी सरकारी तिजोरीतून जाते. ज्यांचं माणूस गेलं त्यांना मात्र स्वतःची सोय बघावी लागते. कोठडीतल्या 99 ॲबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं, 1991मध्ये 339 शिफारशी केल्या. त्यातली 23वी अशी की कुटुंबाला इन्क्वेस्टमध्ये वकिलाचा हक्क असावा आणि वाजवी खर्च सरकारनं द्यावा. तरीही अनेक कुटुंबांना अजून निधीसाठी दारोदार फिरावं लागतं. मला याचा संताप येतो, आणि तुमच्या लेकीलाही येतो हे मला आवडलं.

मात्र तिच्या मनात कोर्टातली भाषणं असतील तर तिला आधीच सांगा, खरं काम त्याच्या किती तरी आधी सुरू होतं. मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत कुटुंबाचा फोन येतो. शवविच्छेदनाला हरकत घ्यायची तर मुदत तासांत मोजली जाते, आणि त्याच वेळी ते कुटुंब 'सॉरी बिझनेस'मध्ये, म्हणजे सुतकात असतं. मग महिनोन्महिने कागद मागवायचे, सीसीटीव्ही मिळवायचं. इन्क्वेस्टमध्ये कोणते प्रश्न घेतले जाणार, याची कक्षा सुनावणीआधीच ठरते, आणि माझ्या मते निम्मी लढाई तिथंच होते. टान्या डे या तुमच्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या, योर्टा योर्टा या ॲबोरिजिनल समाजातल्या बाई 2017मध्ये ट्रेनमध्ये झोपलेल्या असताना सार्वजनिक ठिकाणी दारू प्यायल्याबद्दल पकडल्या गेल्या, कासलमेनच्या कोठडीत डोक्याला मार लागून पुढे वारल्या. व्यवस्थेतल्या वंशभेदाचा प्रश्नही कक्षेत घ्या, असा आग्रह कुटुंबानं धरला आणि तो मान्य झाला. अटक झाली नसती तर हा मृत्यू टळला असता, हे 2020मध्ये नोंदलं गेलं. व्हिक्टोरियात नोव्हेंबर 2023पासून नुसतं दारू प्यायलेलं असणं हा गुन्हा राहिला नाही. कुटुंबाच्या चिकाटीचं हे फळ. वकील त्यांच्या मागे उभे होते, पुढे नव्हते.

हे तुमच्या लेकीला नीट उमजायला हवं, कारण ती ॲबोरिजिनल समाजातली नाही. व्हिक्टोरियन ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस ही कायदेशीर मदत देणारी संस्था 1973पासून आहे आणि ती त्या समाजाचीच संस्था आहे. अशा ठिकाणी त्यांच्या मोठ्यांच्या हाताखाली, त्यांच्या रीतीनं शिकायची तयारी हवी. वडीलधाऱ्यांना 'आँटी', 'अंकल' म्हणायचं, परवानगीशिवाय मृताचं नाव घ्यायचं नाही. आपल्या घरात वाढलेल्या मुलीला हे जड जाऊ नये.

आता पोटापाण्याचं. बारावीनंतर एलएलबी, किंवा आधी दुसरी पदवी आणि मग तीन वर्षांचं जेडी (पदवीनंतरची कायद्याची पदवी). त्यानंतर प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात वकील म्हणून नोंदणी. मी एलएलबीला आरोग्यशास्त्राची जोड सुचवीन. कम्युनिटी लीगल सेंटरमध्ये, म्हणजे लोकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्रात, विद्यार्थी स्वयंसेवक घेतात, दुसऱ्या वर्षापासून तिनं तिथं जावं. पगार मोठ्या फर्मपेक्षा कमीच राहील. पोट भरेल, पण मोठं घर उशिरा होईल. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून माणूस आतून थकतं, तेव्हा बोलायला कुणी तरी हवं. ते कसं सोसायचं, हे तिला तुमच्याइतकं कोण शिकवणार?

निर्णयाआधी एक करा. साउथबँकमधल्या कॉरोनर्स कोर्टात बहुतेक इन्क्वेस्ट लोकांना बसून ऐकता येतात. तुमच्या सुट्टीच्या दिवशी दोघी जा, मागच्या बाकावर दिवसभर बसा. एखादी नर्स साक्ष देताना दिसली तर तिच्याकडे बघा, आणि पहिल्या रांगेतल्या आईकडेही बघा. घरी परतताना लेकीला काय वाटलं ते विचारा, आणि मला लिहा.