पूर, पूरक आणि पुरणे

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: 2019च्या महापुरावरची चित्रं आणि पुराच्या गाळातून घडवलेली शिल्पं यांच्या प्रदर्शनाला 'पर्यावरणपूरक कला' म्हणावं की 'पर्यावरणीय कला'?

'पूरक' मुळीच नको. हा शब्द शाडूच्या गणपतीला चिकटला आणि आता पर्यावरणाचं नाव निघालं की कुठेही लावतात. ऐकून कान किटले! वस्तू कशाची केली आणि पुढे तिचं काय होतं, यावरून ती पूरक ठरते. ती कशाबद्दल बोलते यावरून नाही. ओलाफुर एलिआसन या कलाकारानं 2015च्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडचे 12 हिमखंड पॅरिसच्या चौकात वितळायला ठेवले. तो बर्फ शीतपेट्यांतून जहाजानं आणावा लागला. हवामानबदलावरचं इतकं थेट मांडणशिल्प क्वचित सापडेल, पण त्याला पूरक कोण म्हणेल?

खरी मौज वेगळीच आहे. 'पूर' आणि 'पूरक' एकाच घरचे. संस्कृत धातू पॄ, म्हणजे भरणे. नदी भरते तो पूर, प्राणायामात श्वास भरून घेतात तो पूरक, पोळीत भरतात ते पुरण. पुरवठा, पुरवणी, पुरे हे त्याच गोतातले. आणि 'पुरणे'! पर्याप्त होणे हे एक, जमिनीत गाडणे हे दुसरं. दोन्ही वेगळे शब्द, उच्चार योगायोगानं जुळले, असं छातीठोकपणे सांगणारे अभ्यासक भेटतात. साफ चूक. माझ्या मते आधी खड्डा पुरत, म्हणजे भरत. मग कर्म सरकलं आणि खड्ड्यातलं मडकं पुरू लागले. 'भरणे' बघा ना: आपण पोतं भरतो आणि पोत्यात ज्वारीही भरतो. तिथे कुणी दोन शब्द मानत नाही, मग इथेच का?

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. नदी भरली, पूर आला, आणि ओसरताना त्यानं माणसांच्या चीजवस्तू गाळात पुरल्या. 'पूर' आणि 'पुरल्या' दोन्ही एकाच धातूचे. (कोल्हापुरातलं 'पूर' मात्र नगरवाचक 'पुर', ते यात ओढू नये.)

'पर्यावरणीय' चूक नाही, पण फार ढोबळ. सांगली जिल्ह्यातल्याच जतचा दुष्काळही त्यात बसतो. पत्रिकेवर सरळ 'पूरचित्रे आणि गाळशिल्पे' छापा.