लहान मुलांचे पोर्ट्रेट शिकायला सुरुवात कशी करावी? कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे, ठाण्यात राहतो, मुलगी चार वर्षांची. फोटो नेहमी हललेले येतात.

नवीन लेन्स आत्ता घेऊ नका. फोटो हलतात ते शटर स्पीड कमी पडल्यामुळे, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहिल्यामुळे. शटर प्रायॉरिटी मोडवर जा (यात शटर स्पीड तुम्ही ठरवता), बसलेल्या मुलीसाठी १/२५० सेकंद, पळत असेल तर १/५०० ठेवा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. आयएसओ वाढून फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, पण डोळे धूसर आले तर फोटो गेलाच. म्हणून फोकस कायम जवळच्या डोळ्यावर. लेन्स ५५वर ठेवा. १८वर जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं.

पहिले पंधरा दिवस घरातच काढा. खिडकीशी तिला पाटावर बसवा, खेळायला भांडीकुंडी द्या, ट्यूबलाइट बंद करा. आणि तुम्ही चक्क जमिनीवर पालथे पडा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसतं डोकं मोठं दिसतं. तिच्या बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसला की समजा उजेड बरोबर पडलाय. माझ्या मते निम्मं पोर्ट्रेट तिथेच जमतं.

मग संध्याकाळी उपवन तलावावर न्या. सूर्य येऊरच्या डोंगराआड गेला की तळ्याकाठी मऊ, सारखा उजेड राहतो. शहरातल्या तलावपाळीला नको, तिथे गर्दी फार, मागे कोणी ना कोणी येतंच.

'हास बघू' मात्र अजिबात म्हणू नका, मुलं दात दाखवून ताठ होतात. त्यापेक्षा बाहुलीला काय झालंय ते विचारा आणि ती सांगत असताना काढत राहा.