बडोद्यात घरगुती फराळ विकतो. वेबसाइट लोक उघडतात आणि लगेच बंद करतात. काय बदलू?

आधी वेग बघा. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर साइटचा पत्ता टाका, फुकट आहे. पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा, हे गूगलचंच माप. बहुतेक वेळा घोळ फोटोंचा असतो: मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा चकलीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला. तो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी (WebP) या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, बऱ्याचदा दोनशे केबीच्या आत बसतो.

मग पहिली स्क्रीन. दांडिया बाजारातल्या आमच्या एका काकूंच्या साइटवर आधी गणपती गोल फिरायचा, मागे सनई वाजायची आणि भाजणीचा भाव शोधायला तीन क्लिक! आता वरच पदार्थ, किलोचा भाव, कुठे पोचवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. गणपती आहेच, पण लहान आणि स्थिर.

मराठीसोबत गुजराती मजकूरही द्या, गिऱ्हाईक दोन्हीकडचं असणार. रंग आणि फाँटवर फार डोकं खपवू नका. माहिती मात्र ताजी ठेवा. मार्चमध्ये ‘दिवाळीच्या ऑर्डर सुरू’ दिसलं की दुकान बंद पडलं असंच वाटतं.