ऑफर लेटर मिळालं, आता कागद दाखवा: अमेरिकेतल्या नोकरीच्या तपासणीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीबद्दल लिहिलं होतं, त्यात आय-९ फॉर्म आणि ई-व्हेरिफायवर जेमतेम दोन ओळी होत्या, आणि सगळ्यात जास्त मेल नेमके त्याच दोन ओळींवर आले. मी इथे एचआरमध्ये काम करते, वकील नाही, त्यामुळे प्रकरण व्हिसा नाकारण्यापर्यंत गेलं असेल तर सरळ वकील गाठा. पण आलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं नियमात स्वच्छ लिहिलेली आहेत, ती कोणी सांगत नाही आणि आपली माणसं घाबरून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी थोडक्यात दोन्हीतला फरक. १९८६ साली रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने नवीन माणसाला काम करायची परवानगी आहे का हे बघायची जबाबदारी मालकावर टाकली. त्या तपासणीचा फॉर्म म्हणजे आय-९, आणि ६ नोव्हेंबर १९८६ नंतर लागलेल्या प्रत्येकाचा तो भरावाच लागतो, तो जन्माने अमेरिकन असला तरी. ई-व्हेरिफाय म्हणजे त्याच आय-९ वरची माहिती सोशल सिक्युरिटी (प्रत्येकाला ओळख नंबर देणारं खातं) आणि होमलँड सिक्युरिटी (इमिग्रेशन बघणारं खातं) यांच्या रेकॉर्डशी ऑनलाइन ताडून बघायची. ते अख्ख्या देशात सक्तीचं नाही, काही राज्यांत आहे आणि फेडरल सरकारची कंत्राटं घेणाऱ्या बहुतेक कंपन्यांना आहे.

प्रश्न: ताई, मी शार्लटला असते. मास्टर्स इथेच केलं, तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर माहेरच्या नावाने घेतला. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, एच-४ ईएडी (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मिळणारं काम करायच्या परवानगीचं कार्ड) सासरच्या नावाने आलं. नवीन नोकरीत पहिल्याच आठवड्यात एचआरने सांगितलं की ई-व्हेरिफायमध्ये तुझं मिसमॅच आलंय, निकाल लागेपर्यंत घरी बस, पगार मिळणार नाही. राजीनामा देऊन टाकू का? नवऱ्याचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, उगाच काही डाग नको.

उत्तर: राजीनामा अजिबात देऊ नकोस. मिसमॅच म्हणजे तू बेकायदेशीर ठरलीस असं मुळीच नाही, दोन सरकारी रेकॉर्डमध्ये तुझं नाव सारखं दिसलं नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि तुला घरी बसवायचा अधिकार तुझ्या एचआरला नाही. तू मिसमॅच सोडवायला तयार आहेस असं सांगितलंस की केसचा निकाल लागेपर्यंत कामावरून काढता येत नाही, सस्पेंड करता येत नाही, पगार कापता येत नाही, ट्रेनिंग पुढे ढकलता येत नाही. ई-व्हेरिफाय घेताना कंपनी सरकारबरोबर जो करार करते त्यातच हे आहे. एचआरला हे मेलवर लिहून पाठव, तोंडी नको.

आता काय करायचं ते सांगते. एचआरने तुला बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, ‘फर्दर ॲक्शन नोटीस’ नावाचा कागद द्यायला हवा. तो हातात आला की आधी नाव, जन्मतारीख आणि नंबर नीट वाच, कारण कितीतरी वेळा गोची टायपिंगचीच असते. मग त्यावर ‘मी हे सोडवणार’ असं निवडून सही कर. त्यानंतर एचआर केस पुढे पाठवतं आणि तारखेचा एक कागद देतं, तिथून सरकारी कामाचे ८ दिवस तुझ्या हातात असतात, त्यात सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं. जाण्याआधी अपॉइंटमेंट घे. नाव बदलायचा एसएस-५ फॉर्म, पासपोर्ट, ईएडी आणि मॅरेज सर्टिफिकेट ने, आणि सर्टिफिकेट ओरिजिनल ने किंवा ज्या ऑफिसने दिलं त्यांनीच सर्टिफाय केलेली कॉपी ने, साधी झेरॉक्स किंवा नोटरी केलेली कॉपी तिथे चालत नाही. गप्प बसलीस किंवा ‘नको’ वर टिक केलीस तर मात्र कंपनी तुला काढू शकते, म्हणून नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची नाही.

हे आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत होतंच होतं, कारण लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, काही घरांत तर पहिलंसुद्धा. वर पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, सोशल सिक्युरिटी कार्डवर मधलं नाव वेगळं किंवा गायब, आणि ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा होता त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. एचआरमधली माणसं यातलं कुठलं नाव कुठल्या बॉक्समध्ये टाकतील काही सांगता येत नाही. आय-९ च्या पहिल्या भागात ‘आधी वापरलेली आडनावं’ असा एक छोटा रकाना असतो, तो बहुतेक जणी रिकामा सोडतात. माहेरचं आडनाव तिथे लिहायचं, न विसरता. आणि नोकरी शोधायला लागायच्या आधीच ई-व्हेरिफायच्या साइटवर ‘सेल्फ चेक’ करून घ्यायचं, फुकट आहे, आपलं रेकॉर्ड जुळतंय का ते स्वतःलाच आधी कळतं आणि नाव बदलायला निवांत वेळ मिळतो.

एक जाता जाता, एच-४ वाल्या सगळ्यांसाठी. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी रिन्युअलला पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर कंपनीला तुम्हाला थांबवावंच लागतं, त्यात एचआरचा काही दोष नसतो. सहा महिने आधी अर्ज भरता येतो, त्या पहिल्या आठवड्यातच भरा.

प्रश्न: मी डॅलसमध्ये छोट्या स्टार्टअपमध्ये ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थ्याला मिळणारी कामाची परवानगी) आहे, १२ महिने संपत आलेत. स्टेम एक्स्टेंशनसाठी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवाल्यांना मिळणारी मुदतवाढ) कंपनी ई-व्हेरिफायमध्ये हवी पण मालक म्हणतो आम्ही त्या भानगडीत पडत नाही. एक कन्सल्टन्सीवाला म्हणतो, आमचा ई-व्हेरिफाय नंबर वापर, पेरोलवर दाखवतो, काम तिकडेच करत राहा, फक्त दर महिन्याला काही पैसे दे. रूममेट म्हणतो सगळे असंच करतात. करू का?

उत्तर: नको रे बाबा, हे करू नकोस. २४ महिन्यांचं स्टेम एक्स्टेंशन ज्या कंपनीच्या नंबरवर मिळतं त्याच कंपनीत तू खरोखर काम करायचं असतं, तिनेच तुला पगार द्यायचा, तिनेच शिकवायचं, आणि हे सगळं आय-९८३ नावाच्या ट्रेनिंग प्लॅनवर तुझ्या आणि कंपनीच्या सहीने लिहून द्यायचं असतं. कन्सल्टन्सीवाल्याचं ऐकलंस तर तू सरकारी कागदावर खोटं लिहून सही करशील, आणि ते उद्या एच-१बी ला, परवा ग्रीन कार्डला, कधीही वर येऊ शकतं. तोवर तो कन्सल्टन्सीवाला दुकान बंद करून दुसऱ्या नावाने बसलेला असेल. आई-बाबांनी कर्ज काढून पाठवलंय ना, त्या कर्जाची तरी आठवण ठेव.

मालकाशी पुन्हा बोल, आणि या वेळी तयारीने बोल. छोट्या कंपनीला वाटतं हे खर्चिक आहे, सरकार आत शिरेल, कटकट होईल. खरं म्हणजे ई-व्हेरिफायला एक डॉलरही फी नाही, ऑनलाइन नाव नोंदवायचं, करारावर सही करायची, छोटं ट्रेनिंग करायचं. त्यानंतर मात्र येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाचं करावं लागतं, हे त्याला आधीच सांग, नंतर कळलं तर तुझ्यावर चिडेल. तू तिथे आधीपासून आहेस, त्यामुळे तुझी केस टाकायची गरज नसते, कंपनीचा नंबर तेवढा तुझ्या आय-७६५ वर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या अर्जावर, लागतो. आणि तारखा सांभाळ. ओपीटी संपायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो आणि कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी) सिस्टिममध्ये शिफारस टाकली की ६० दिवसांच्या आत तो जायला हवा. वेळेत भरलास तर निकाल येईपर्यंत १८० दिवस काम चालू ठेवता येतं. मालक तरीही नाहीच म्हणाला तर आत्तापासून दुसरी नोकरी शोध, ‘ई-व्हेरिफायमध्ये आहात का’ हा प्रश्न रिक्रूटरला पहिल्या फोनवर विचारायला लाजू नकोस.

प्रश्न: आमचं टॅम्पाला रेस्टॉरंट आणि केटरिंग आहे, सगळे मिळून तीस एक जण. आपली ओळखीची मुलं आहेत त्यांचं काय तपासायचं, स्पॅनिश बोलणारे जे येतात त्यांचं तेवढं ई-व्हेरिफाय केलं तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, काका. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक खासगी मालकाला नवीन माणसाचं ई-व्हेरिफाय करावं लागतं, म्हणजे तुम्ही त्यात आलात. आणि करायचं तर प्रत्येक नवीन माणसाचं. चेहरा, भाषा, आडनाव बघून निवडून केलं तर तो भेदभाव होतो, त्याची तक्रार थेट जस्टिस डिपार्टमेंटकडे जाते. तुमच्या पुतण्याला उद्या कोणी असं रांगेतून वेगळं काढलं तर तुम्हाला कसं वाटेल याचा विचार करा. माणूस कामावर आला की कामाच्या तीन दिवसांत त्याचे कागद बघून आय-९ चा तुमचा भाग भरायचा आणि त्याच तीन दिवसांत केस टाकायची. नोकरी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी आधी गुपचूप चेक करायचं नाही.

प्रश्न: माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, पण घर बदलताना ते कुठल्या खोक्यात गेलं कळत नाहीये. ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवलं तर एचआर म्हणतं नाही, ग्रीन कार्डच पाहिजे.

उत्तर: कुठले कागद दाखवायचे ते तुम्ही ठरवता, एचआर नाही. लायसन्स ओळखीसाठी आणि कुठलीही अट न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड कामाच्या परवानगीसाठी, ही जोडी पूर्ण चालते. फॉर्मच्या मागच्या यादीवर बोट ठेवून शांतपणे दाखवा. तरी ऐकलं नाही तर जस्टिस डिपार्टमेंटच्या आयईआर विभागाची (नोकरीतल्या अशा भेदभावाच्या तक्रारी घेणारा विभाग) हेल्पलाइन आहे, तक्रार १८० दिवसांत करायची असते. आणि कार्ड शोधा मात्र, ते कायम जवळ बाळगणं तुम्हाला वेगळ्या नियमाने बंधनकारक आहे.

प्रश्न: माझा मुलगा तिकडे आहे म्हणून तुमचं सदर वाचतो. मला पुण्यात बसून असं वाटतं की प्रत्येक कंपनीला ई-व्हेरिफाय सक्तीचं केलं तर बेकायदेशीर कामगारांचा प्रश्न एका झटक्यात सुटेल. मग अमेरिका करत का नाही?

उत्तर: काका, वाटतं तितकं सोपं असतं तर कधीच झालं असतं. ही सिस्टिम नवी नाहीच, १९९७ साली पाच राज्यांत ‘बेसिक पायलट’ म्हणून सुरू झाली, २००७ मध्ये तिचं नाव ई-व्हेरिफाय झालं. अॅरिझोनाने सगळ्या मालकांना सक्ती केली, कोर्टात भांडण झालं आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा वैध ठरवला. पण डिसेंबर २००६ मध्ये स्विफ्ट या मांस कंपनीच्या सहा प्लांटवर धाड पडली, सुमारे १,३०० लोक पकडले गेले, आणि ही कंपनी बेसिक पायलट वापरत होती. जून २०२५ मध्ये ओमाहातल्या एका मांस कंपनीत तेच, ई-व्हेरिफाय करत होती तरी. कारण सिस्टिम नाव आणि नंबर जुळतोय का ते बघते, समोर उभा असलेला माणूस तोच आहे का हे तिला नीट कळत नाही. दुसऱ्या खऱ्या माणसाची ओळख वापरणारा पास होतो आणि शार्लटची वरची मुलगी, जिचे सगळे कागद खरे आहेत, ती अडकते.

शिवाय शेतीवाले, बांधकामवाले, हॉटेलवाले यांना ती माणसं हवीच असतात. आय-९ नुसार मालकाने ‘कागद खरा वाटतो का’ एवढंच बघायचं असतं, त्यामुळे फाइल व्यवस्थित ठेवली की तो बराचसा सुटतो आणि पकडला जातो तो मजूर. माझं स्पष्ट मत असं की तपासणीला माझा विरोध नाही, पण सक्ती करायची तर आधी चुकीच्या मिसमॅचमुळे बुडालेला पगार भरून द्यायची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे, आणि कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसात पुरेशी माणसं बसवली पाहिजेत. ते न करता नुसती सक्ती केली तर त्रास आपल्यासारख्या लांबलचक नावांच्या माणसांनाच होणार.

प्रश्न: एडिसनला राहतो, दोघांची नोकरी, बाळ सात महिन्यांचं. सासूबाईंच्या ओळखीच्या एक मावशी व्हिजिटर व्हिसावर आल्यात, रोज येऊन बाळाला सांभाळायला आणि पोळीभाजी करायला तयार आहेत. कॅश दिली तर आय-९ वगैरेचा प्रश्न येत नाही ना?

उत्तर: येतो. कधीतरी अधूनमधून कोणी घरकाम करून गेलं तर त्याला आय-९ मधून सूट आहे, पण रोज ठरल्या वेळेला येणारी, पगार घेणारी बाई म्हणजे तुम्ही मालक आणि ती नोकर, कॅश द्या नाहीतर चेक द्या. आणि व्हिजिटर व्हिसावर काम करायची परवानगीच नसते, त्यामुळे आय-९ भरायला बसलात तरी मावशींकडे दाखवायला कागदच नाही. माहीत असून कामावर ठेवलं तर दंड तुम्हाला होतो. पण तुमच्यापेक्षा जास्त नुकसान मावशींचं आहे. एअरपोर्टवर पुढच्या खेपेला ऑफिसरने फोन मागितला आणि त्यात ‘या महिन्याचे पैसे दिले का’ असा व्हॉट्सॲप मेसेज सापडला तर व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो, मग मुलीच्या बाळंतपणाला यायचं असेल तरी त्यांना येता येणार नाही. त्यांना हे कोणी समजावून सांगितलेलं नसतं, त्या बिचाऱ्या मदत म्हणून हो म्हणतात.

तुमच्या भागात ग्रीन कार्ड किंवा ईएडी असलेल्या, मुलं सांभाळणाऱ्या मराठी-गुजराती बायका नक्की मिळतील. मंडळाच्या ग्रुपवर विचारा, देवळाच्या बोर्डावर बघा. त्यांचा आय-९ भरून घरच्याच फाइलमध्ये ठेवा, तो कुठे पाठवायचा नसतो. ती बाई लागल्यापासून तीन वर्षं किंवा सोडून गेल्यापासून एक वर्ष, यातलं जे उशिरा संपेल तोवर तो जपायचा. पगारावरच्या टॅक्सचं काय करायचं ते तुमच्या सीपीएला, म्हणजे टॅक्सचं बघणाऱ्या अकाउंटंटला, विचारा. आणि मावशींना एखाद्या रविवारी जेवायला बोलवा, पोळ्या तुम्ही करा.