वाचकांचे प्रश्न: गुरा-शेळ्यांतले जंत

प्रश्न : गेल्या दिवाळीत राजस्थानातून ट्रकने आलेल्या १२ सिरोही शेळ्या विकत घेतल्या. तोवर आमच्या गावठी शेळ्यांना अल्बेंडाझोल चांगलं लागू पडायचं. या पावसाळ्यात औषध पाजूनही जबड्याखाली पाणी साचतंय, दोन करडं दगावली. औषध भेसळीचं असेल का? (मुरबाड, जि. ठाणे)

भेसळीच्या आधी मात्रा तपासा. बहुतेक ठिकाणी गडबड तिथेच निघते. अल्बेंडाझोल शेळीच्या शरीरातून मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतं, म्हणून मेंढीची मात्रा (किलोला ५ मिग्रॅ) शेळीला अपुरी पडते आणि साधारण दुप्पट द्यावी लागते. २.५ टक्के द्रावणाच्या एका मिलीत २५ मिग्रॅ औषध असतं. म्हणजे ३० किलोच्या शेळीला १२ मिली झाले. सगळ्यांना अंदाजाने ५-५ मिली पाजणाऱ्याच्या शेळीला किलोमागे जेमतेम ४ मिग्रॅ मिळतात. एवढ्यात औषधाला बळी पडणारे जंत मरतात आणि चिवट उरतात. वजन काट्यावर करा, पिचकारी जिभेच्या मुळाशी धरून पाजा. गाभणीला पहिल्या महिन्यात हे औषध देऊ नका. मात्रा तुमच्या पशुवैद्यकाकडून पक्की करून घ्या.

मात्रा बरोबर असेल तर संशय हिमॉन्कसवर जातो. शेळीच्या चौथ्या पोटात राहणाऱ्या या जंताची मादी दोन-तीन सेंटीमीटर लांब असते. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा वेढा असल्याने ती लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या पिळासारखी दिसते. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ठाण्याच्या उबदार ओल्या पावसाळ्यात अंड्यातून गवतावर चढणारी अळी व्हायला आठवडाभर पुरतो, आणि ती पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू.

इतक्या मोठ्या संख्येत जनुकांचं वैविध्य अफाट असतं. त्या गर्दीत बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाच्या २०० व्या जागी फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन हे दुसरं असलेले काही जंत निघतात, आणि अल्बेंडाझोल त्यांना नीट चिकटत नाही. हा गुण बहुधा जनुकाच्या दोन्ही प्रती तशाच असल्या तरच उघड होतो, म्हणून सुरुवातीला कळपात तो लपून राहतो. औषध पाजत राहिलं की तेवढेच वाचतात आणि वाढतात. आणि जंत स्वतः मुरबाडहून शहापूरलाही चालत जात नाही, शेळी त्याला नेते. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात गुरा-मेंढ्यांच्या जंतांमधलं जवळपास सगळं वैविध्य प्रत्येक कळपाच्या आतच सापडलं, दूरदूरच्या कळपांत फारसा फरक नव्हता. ज्यांना कोणी ट्रकमध्ये घालत नाही त्या रानटी हरणांचे जंत मात्र ठिकाणागणिक वेगळे निघाले. तुमचा औषधाला न जुमानणारा जंत सिरोहींबरोबर आला की आधीपासून गावातच होता, हे चाचणीशिवाय सांगणं बरोबर नाही. पण एवढ्या अंतरावरून आलेल्या शेळ्या थेट कळपात सोडणं धोक्याचंच होतं.

चाचणी अशी करा. औषध पाजण्याआधी १० ते १५ शेळ्यांच्या गुदद्वारातून प्रत्येकी ४-५ ग्रॅम ताज्या लेंड्या काढा. जमिनीवरून उचललेल्या चालत नाहीत. डबीवर शेळीचा क्रमांक घाला, फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको) आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. उकाड्यात अंडी दिवसभरात फुटू लागतात आणि मोजणी खोटी पडते. तिथे २ ग्रॅम लेंड्या मिठाच्या संपृक्त पाण्यात ३० मिली करून मॅकमास्टर कप्प्यांत (रेघा आखलेल्या काचपट्टीत) अंडी मोजतात, आणि त्यांना ५० ने गुणून ग्रॅममागची अंडी काढतात. त्याच शेळ्यांचा नमुना औषध पाजल्यावर १४ दिवसांनी पुन्हा. सरासरी १२०० वरून ४८० वर आली तर घट ६० टक्के झाली. घट ९५ टक्क्यांच्या खाली राहिली की औषध निकामी होत चाललंय असं समजा.

यापुढे नवी शेळी आली की निदान तीन आठवडे वेगळी बांधा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दोन वेगळ्या गटांची औषधं एकाच वेळी द्या, दोन दिवस पक्क्या फरशीवर ठेवा, १४ दिवसांनी लेंड्या तपासा. नंतर तिला ताज्या कुरणात न सोडता तुमचा कळप चरलेल्या जागेतच सोडा, म्हणजे वाचलेले मोजके जंत स्थानिकांच्या गर्दीत विरतात. सगळ्या कळपाला एकदम पाजू नका. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून बघा आणि फिकट असेल त्यालाच औषध द्या.

प्रश्न : जनावरांना आयव्हरमेक्टिन दिलं, तरी कत्तलखान्यात यकृतात पानासारखे किडे निघाले. कसं? (शहापूर)

ते फॅसिओला, चपटे कृमी. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं, यांच्यावर नाही. मोठ्या कृमींवर ऑक्सिक्लोझनाइड चालतं, कोवळ्यांवर ट्रायक्लाबेंडाझोल. आपल्याकडे फॅसिओला जायगँटिका असतो, गोगलगाईतून वाढतो. भाताच्या खाचरात तो गोगलगाईतून निघून पाण्यातल्या पातींवर चिकटतो, म्हणून ताज्या पेंढ्याचा बुंध्याकडचा तिसरा हिस्सा सर्वांत धोक्याचा. तो कापून टाका किंवा पेंढा कडक वाळवूनच घाला. थंड प्रदेशातला भाऊबंद फॅसिओला हेपॅटिका. जपान, कोरिया, व्हिएतनामला दोघांचे संकर सापडतात. त्यातले काही शुक्राणूंशिवायच प्रजनन करतात, आणि ते नुसत्या आकारावरून ओळखता येत नाहीत, जनुकं वाचावी लागतात. कृमी प्रयोगशाळेत द्यायचे तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो.

प्रश्न : आमच्या कुत्र्याची हृदयजंताची किट-चाचणी निगेटिव्ह, पण रक्ताच्या काचपट्टीत अळ्या दिसल्या. (ऐरोली)

दोन्ही खरं असू शकतं. हृदयातला डायरोफिलेरिया इमायटिस भारतात मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. त्वचेखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्सही डासांमधूनच पसरतो, पण त्या किटमध्ये सापडत नाही. नॉट पद्धतीने तपासून घ्या : १ मिली रक्त ९ मिली २ टक्के फॉर्मॅलिनमध्ये मिसळून फिरवतात आणि खाली बसलेल्या गाळातल्या अळ्यांची लांबी-रुंदी मोजतात. तेवढ्याने जात ठरली नाही तर पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी. कुत्रा कोली जातीचा असेल तर आयव्हरमेक्टिन विचारल्याशिवाय देऊ नका.